छायेतले झाड : कॅमेलिया



बाग म्हटली की आपल्या मनात प्रथम ऊन येते. गुलाबाला ऊन हवे, शेवंतीला ऊन हवे, मोगऱ्याला तर भरपूर ऊन हवे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे घराची जी बाजू उन्हाला पारखी असते ती बागेच्या हिशेबातून आपोआप वगळली जाते. उत्तरेकडील भिंतीलगतचा पट्टा, मोठ्या झाडाखालची जागा, दोन इमारतींमधली ओलसर बोळ अशा ठिकाणी आपण मोडक्या खुर्च्या आणि फुटक्या कुंड्या नेऊन ठेवतो. आज मी ज्या झाडाविषयी बोलणार आहे, ते या उपेक्षित जागेचेच मानकरी आहे. बारा महिने हिरवेगार राहणारे, सावलीत सुखाने नांदणारे आणि ऐन हिवाळ्यात, बाकीची बाग झोपी गेलेली असताना, फुलणारे हे झुडूप म्हणजे कॅमेलिया.

मी वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक नाही. एम. ए. झालो तो इतिहास घेऊन, आणि पोटापाण्यासाठी करतो ती सरकारी नोकरी. तेव्हा मी जे सांगणार आहे त्यातले थोडे वाचलेले, थोडे ऐकलेले आणि पुष्कळसे चुका करून शिकलेले आहे. या शेवटच्या प्रकारच्या ज्ञानाची किंमत काहीशी जास्त पडते. म्हणूनच ते इतरांना सांगावेसे वाटते.

नोकरीच्या निमित्ताने माझी बदली शिलाँगला झाली, तेव्हा माझी आईही आमच्याबरोबर आली. सारे आयुष्य वाईला, कृष्णेच्या काठी काढलेल्या माणसाला खासी टेकड्यांतील ते गाव परके वाटले नसते तरच नवल. भाषा वेगळी, पाऊस वेगळा, घरेसुद्धा लाकडी चौकटीची. आम्हांला मिळालेल्या बंगलीच्या मागे, उत्तरेच्या अंगाला, एका उंच पाइनखाली पुरुषभर उंचीचे एक झुडूप उभे होते. पाने गर्द हिरवी, जाड, कडेने बारीक दातेरी आणि तेल लावून पुसल्यासारखी चकचकीत. आम्ही गेलो तो ऑक्टोबर महिना होता. झुडपाच्या टोकाटोकाला हरभऱ्याएवढ्या टपोऱ्या कळ्या धरल्या होत्या. हा कॅमेलिया आहे आणि तो नाताळच्या सुमारास फुलेल, असे शेजाऱ्यांनी सांगितले.

मला त्या झाडाची दया आली. इतके देखणे झाड आणि बिचारे अंधारात! देशावरच्या बागाइती संस्कारांत वाढलेल्या माणसाने जे करावे ते सारे मी एका आठवड्यात केले. पाइनच्या खालच्या फांद्या उतरवण्यासाठी रीतसर अर्ज केला. तो, सरकारी अर्जांच्या इतिहासात क्वचित घडावे अशा तातडीने, मंजूर झाला. झाडाभोवती कुदळीने खणून खोल आळे केले. त्यात शेणखताबरोबर चुलीतली राख सढळ हाताने घातली. शेवटी झाड जरा वेडेवाकडे वाटले म्हणून कात्री घेऊन त्याला गोलाकार आणला. एवढे करून मी समाधानाने हात धुतले.

त्या हिवाळ्यात झाडाला सात फुले आली. बाकीच्या कळ्या एक तर माझ्या कात्रीने गेल्या होत्या, किंवा तपकिरी होऊन टपटप गळल्या. दक्षिणेकडच्या पानांवर, इस्त्री जास्त वेळ ठेवल्यावर कापडावर पडतात तसे, फिकट करपट डाग उमटले.

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा एक वृद्ध खासी माळी येत असत. खासी लोकांत वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने बाह म्हणतात. आईसकट आम्ही सारे त्यांना बाह म्हणत असू. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, उकरलेली माती बोटांनी चाचपली, तुटलेली तंतूसारखी मुळे उचलून मला दाखवली आणि मोडक्या हिंदीत एवढेच म्हणाले, “साहेब, तुम्ही त्याच्यासाठी फार काम केले. आता दोन वर्षे काही करू नका.”

या झाडाची सारी निगा त्या एका वाक्यात होती, हे मला पुढे कळले.

प्रथम झाडाची ओळख करून देतो. कॅमेलिया हे नाव गेओर्ग योसेफ कामेल या जेझुइट धर्मबंधूवरून आले. १६६१ साली ब्रनो येथे जन्मलेला हा मनुष्य फिलिपिन्स बेटांत गेला, तिथे त्याने औषधालय चालवले, वनस्पतींचा अभ्यास केला आणि १७०६ साली मनिला येथे देह ठेवला. हे झाड त्याने शोधले नव्हते. त्याच्या वनस्पतिविद्येचा गौरव म्हणून लिनियसने त्याचे नाव या झाडाला दिले. १७५३ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात लिनियसने बागेतल्या कॅमेलियाला ‘कॅमेलिया जापोनिका’ असे नाव दिले, आणि चहाला मात्र ‘थिया’ या वेगळ्या कुळीत बसवले. पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आले की ही दोन्ही सख्खी भावंडे आहेत. आज शास्त्रात चहाचे नाव ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ असे आहे. म्हणजे सकाळी आपण ज्याचे पान कपात घेतो आणि हिवाळ्यात ज्याचे फूल फुलपात्रात ठेवतो, ती एकाच घरातली दोन मुले. एक कमावते, दुसरे देखणे.

हे घराणेही आपल्याला अगदीच परके नाही. आसामात रानटी चहाची झाडे आहेत ही गोष्ट १८२३ साली रॉबर्ट ब्रूस याच्या नजरेस आली, आणि १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला, हा इतिहास अनेकांना ठाऊक असेल. पूर्व हिमालयात आणि खासी टेकड्यांत लहान, पांढऱ्या फुलांची ‘कॅमेलिया किस्सी’ ही दुसरी एक जात रानात आपोआप वाढते. तिचे वर्णन नथॅनिएल वॉलिच याने १८२० साली नेपाळातील नमुन्यांवरून केले. बागेतला मोठ्या फुलांचा कॅमेलिया मात्र मूळचा जपान, कोरिया आणि चीनकडचा. जपानात त्याला त्सुबाकी म्हणतात, आणि त्याच्या बियांचे तेल तिथे केसांना लावण्याची जुनी चाल आहे.

आता सावलीचा प्रश्न. या झाडाला सावली का हवी? मूळ स्थानी ते मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढते. त्याचे पान थोड्या प्रकाशातही आपले अन्न तयार करू शकते. उलट माध्यान्हीचे प्रखर ऊन त्याचे हरितद्रव्य जाळते आणि पान पिवळट, करपट होते. दुसरे कारण जमिनीखाली आहे. अन्न शोषणारी त्याची मुळे अगदी वरच्या थरात, वीतभर खोलीत, जाळ्यासारखी पसरलेली असतात. ऊन थेट जमिनीवर पडले की हा थर तापतो, वाळतो आणि मुळे होरपळतात. चहाच्या मळ्यांत ठिकठिकाणी शिरीषाच्या जातीचे वृक्ष उभे केलेले असतात, ते याच नात्याने.

तथापि सावली म्हणजे काळोख नव्हे. अगदी गडद अंधारात कॅमेलिया जगेल, पाने धरील, पण कळी धरणार नाही. त्याला हवी असते ती कवडशांची सावली, उंच झाडाच्या पानांतून गाळून आलेला उजेड. मी पाइनच्या फांद्या छाटल्या तेव्हा हे गाळणेच काढून टाकले होते. ज्या थंड गावी रात्री दहिवर गोठते, तिथे आणखी एक पथ्य आहे. झाड पूर्वेच्या कोवळ्या उन्हात लावू नये. रात्री गोठलेल्या कळीवर सकाळचे ऊन एकदम पडले म्हणजे ती झपाट्याने वितळते आणि पाकळ्या तपकिरी पडतात. उत्तरेची किंवा पश्चिमेची बाजू या दृष्टीने अधिक सुरक्षित.

सावलीनंतर माती. कॅमेलियाला आम्लधर्मी जमीन लागते. शास्त्रीय भाषेत, तिचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असावा. चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह मिळेनासे होते. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. मग पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. ही खूण दिसली की झाड उपाशी आहे असे समजावे. मी घातलेली राख म्हणजे खतच, अशी माझी समजूत होती. वस्तुतः राख चुन्याचीच पाठराखीण, ती आम्लता मारते. चुना, राख, इमारतीचा राडारोडा या तीन गोष्टी या झाडाच्या आसपास फिरकू देऊ नयेत. सिमेंटच्या नव्या भिंतीला लागूनही ते लावू नये.

माती भुसभुशीत हवी आणि पाण्याचा निचरा उत्तम हवा. झाडाखालच्या कुजलेल्या पानांचे खत, भरड वाळू आणि साधी बागेतली माती सारख्या प्रमाणात मिसळली तर उत्तम मिश्रण होते. लावताना खड्डा खोलीपेक्षा रुंदीला जास्त घ्यावा. रोप कुंडीत जेवढे खोल होते त्याहून खोल कधीही पुरू नये. उलट बोटभर उंचच बसवावे, कारण माती पुढे दबते. बुंधा पुरला गेला तर झाड वर्षानुवर्षे कुढत राहते. जमीन चिकण असेल तर थोडा उंचवटा करून त्यावर लावावे.

लावल्यानंतर कुदळ आणि खुरपे दोन्ही दूर ठेवावीत. तण आले तर हाताने उपटावे. बुंध्यापासून चार बोटे जागा मोकळी सोडून भोवताली दोन-तीन इंच जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. शिलाँगला बाह पाइनच्या वाळलेल्या सुया घालीत. हे आच्छादन ओल धरते, जमीन थंड ठेवते, तण दाबते आणि हळूहळू कुजून स्वतःच खत होते. आईने हे एकदा पाहिले आणि म्हणाली, “अरे, हे तर आपले देवराईतले झाड. तिथला पाचोळा कोणी उचलतो का?” देवराईत काठी मोडायची नाही आणि पाचोळा उचलायचा नाही, हा नियम तिला लहानपणापासून पाठ होता.

आता पाणी. पावसाच्या गावात पाण्याचे काय सांगायचे, असे कोणी म्हणेल. चेरापुंजी शिलाँगहून फार दूर नाही. परंतु गोम अशी की जून ते सप्टेंबर आभाळ फाटते आणि नोव्हेंबर ते मार्च जवळजवळ कोरडे जातात. कळ्या फुगतात आणि उमलतात त्या याच कोरड्या महिन्यांत. पावसाळ्याच्या भरवशावर राहिलेला माणूस हिवाळ्यात पाणी द्यायचे विसरतो आणि मग कळ्या गळाल्या म्हणून हळहळतो. कॅमेलियाच्या कळ्या गळण्याचे सर्वांत मोठे कारण मुळांशी पडलेला अनियमित कोरडेपणा हे आहे. त्याच्या उलट, मुळांशी पाणी साचून राहिले तरीही त्या गळतात. माती ओली असावी, चिखल नसावा. बोट पेरभर मातीत घालून पाहावे. ओलसर लागले तर पाणी देऊ नये, कोरडे लागले तर सावकाश, भरपूर द्यावे.

वर्षाचे वेळापत्रक असे असते. हिवाळ्यात फुले येतात. ती संपली की वसंतात नवी तांबूस पालवी फुटते. ही पालवी पक्व झाली की तिच्याच टोकांना पावसाळ्यात पुढील हिवाळ्याच्या कळ्या धरतात. हा क्रम ध्यानात आला म्हणजे छाटणी केव्हा करायची हे निराळे सांगावे लागत नाही. फुले संपल्यावर आणि पालवी फुटण्यापूर्वी, एवढाच तिचा काळ. त्यानंतर कात्री चालवणारा आपल्या हाताने पुढच्या वर्षाची फुले कापतो. छाटणीही बेतानेच करावी. वाळलेल्या आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात.

खतही फुले झाल्यावरच द्यावे आणि हात आखडूनच द्यावे. अमोनियम सल्फेटची चिमूट-दोन चिमटी, ओल्या मातीवर विखरून, वर पाणी. वर्षातून एक-दोनदा पुरे. कोरड्या मातीवर खत टाकले तर वरची मुळे भाजतात. पावसाळा संपल्यावर मुळीच खत देऊ नये. बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहाचा चोथा टाकला तर हरकत नाही. भावाच्या घरचा आहेर म्हणून तो घेईल.

कळ्यांविषयी थोडे. टपोरी आणि गोल असेल ती फुलाची कळी. बारीक, टोकदार असेल ती पानाची. एका टोकाला तीन-चार फुलकळ्या धरल्या तर त्यांतली एक ठेवून बाकीच्या लहान असतानाच अलगद पिळून काढतात. असे केल्याने राहिलेले फूल मोठे येते. मला स्वतःला हे जमत नाही. पण जत्रेतल्या प्रदर्शनात बक्षीस मिळवायचे असेल तर जमवावे लागते.

रोगकिडी फार नाहीत. पानांच्या खालच्या बाजूला तपकिरी, चिकटलेल्या ठिपक्यांसारखी खवले कीड येते. ती गोड चिकट रस टाकते, त्यावर काजळीसारखी बुरशी चढते आणि मुंग्यांची रांग लागते. मुंग्या दिसल्या की पान उलटून पाहावे. थोड्या झाडांसाठी साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेला फडका पुरतो. पानामागून पान पुसून काढावे. आई दुपारी स्टुलावर बसून हे काम करी. तिच्या हातून पुसलेले झाड देवघरातल्या समईसारखे दिसे.

नवी रोपे करण्याचे मार्ग तीन. बी पेरावे तर ते ताजे हवे, एक दिवस पाण्यात भिजवावे लागते, आणि फूल दिसायला पाच-सात वर्षे थांबावे लागते. शिवाय आईसारखेच मूल होईल याची खात्री नाही. दुसरा मार्ग फांदीच्या कलमाचा. पावसाळ्यात, अर्धवट पिकलेल्या काडीचा बोटभर लांबीचा तुकडा, वरची दोन पाने ठेवून, वाळू व पानखताच्या मिश्रणात खोचावा आणि सावलीत, दमट हवेत ठेवावा. दोन-तीन महिन्यांत मुळे फुटतात. तिसरा मार्ग गुटी कलमाचा. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची अंगठीसारखी साल काढून तिथे ओले शेवाळ बांधायचे आणि तीन-चार महिन्यांनी मुळे दिसली की फांदी उतरवायची. आपल्याकडे डाळिंबाचे, लिंबाचे गुटी कलम अनेकांनी केले असेल. तीच ही रीत.

योग्य जागी लागलेले हे झाड किती चिवट असते याची साक्ष जर्मनीत, ड्रेस्डेनजवळच्या पिल्निट्झ राजवाड्याच्या बागेत उभी आहे. तिथला कॅमेलिया १८०१ साली जमिनीत लावला गेला. थंडीपासून रक्षणासाठी हिवाळ्यात त्याच्यावर लाकडी घर उभारीत. १९०५ च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत त्या घराला आग लागली. आग विझवण्यासाठी मारलेले पाणी झाडावरच गोठले आणि झाड बर्फाच्या कोशात सापडले. ते गेले असेच सर्वांना वाटले. परंतु त्या कोशानेच त्याला थंडीपासून वाचवले, आणि त्याला पुन्हा पालवी फुटली. १९९२ पासून त्याच्यासाठी रुळांवरून सरकणारे काचघर आहे. दोनशेहून अधिक वर्षांचे हे झाड अजून फुलते.

आमच्या झाडाला इतके काही सोसावे लागले नव्हते. फक्त मला सोसावे लागले होते. बाहंच्या सांगण्याप्रमाणे मी दोन वर्षे काही केले नाही. पाइनच्या राहिलेल्या फांद्या पसरल्या, सुयांचा थर साठला आणि तिसऱ्या हिवाळ्यात झाड लाल फुलांनी भरून गेले. आईने पहिले फूल हातात घेऊन नाकाशी नेले. वास नव्हता. “बिनवासाचे फूल देवाला कसे वाहायचे?” म्हणून ती थोडी घुटमळली. दुसरी अडचण अशी की हे फूल पाकळी पाकळी गळत नाही; अखंडच्या अखंड, चेहरा वर करून, खाली पडते. झाडावरचे तोडवत नाही, आणि जमिनीवरचे देवाला चालत नाही. शेवटी तिनेच निवाडा दिला, “प्राजक्ताचे खाली पडलेले चालते ना? मग याचेही चालेल.” त्या दिवसापासून खासी टेकड्यांतले फूल आमच्या वाईच्या गणपतीला नेमाने मिळू लागले. आईला ते गाव त्या दिवसापासून आपले वाटू लागले, असे मला वाटते.

आणि मग, सरकारी नोकरीत व्हायचे तेच झाले. दिल्लीला बदली झाली. आईच्या आग्रहाखातर, पण खरे म्हणजे माझ्याही हौसेने, गुटी कलमाची दोन रोपे मी बरोबर घेतली. रवींद्रनाथांच्या ‘पुनश्च’ या १९३२ सालच्या संग्रहात ‘कॅमेलिया’ नावाची एक कविता आहे. तिच्यातला नायक दार्जिलिंगहून कॅमेलियाची कुंडी संथाळ परगण्यात नेतो आणि तिथे तिला फूल येते. कवीच्या कुंडीत फूल येऊ शकते. माझ्या कुंडीला दिल्लीचे पाणी होते.

दिल्लीतील आमच्याकडचे नळाचे पाणी क्षारांनी जड. उन्हाळ्यातली लू वेगळीच. महिना-दीड महिन्यात पाने शिरांमधून पिवळी पडू लागली. मी हिराकशीचे अगदी सौम्य पाणी दिले, गंधकाची चिमूट मातीत मिसळली, पावसाचे पाणी साठवण्यासाठी पिंप आणले. पण मार्चमध्ये पाऊस कुठला? एप्रिलमध्ये मला पंधरवड्याच्या दौऱ्यावर जावे लागले. जाताना मी, सवयीप्रमाणे, एक लेखी सूचना करून ठेवली. कुंड्यांना रोज सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे. आईने त्या सूचनेचे अक्षरशः पालन केले. कुंडीखाली फरशी खराब होऊ नये म्हणून मीच बशी ठेवली होती. तिच्यात पाणी साचत राहिले. मी परतलो तेव्हा एका रोपाची सारी पाने खाली गळाली होती. उपसून पाहिले तर मुळे काळी पडून कुजली होती.

“माझ्या हातून गेले रे,” आई म्हणाली.

मी तिला समजावले. पाणी माझ्या आज्ञेने घातले गेले, बशी मी ठेवली, मुळात त्या झाडाला इथे मी आणले, हे सारे सांगितले. ती मान हलवीत राहिली. तिला ते पटले की माझे मन राखायला ती गप्प बसली, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढे कधी झाडांचा विषय निघाला की ती हळूच उठून आत जाई.

दुसरे रोप मी हट्टाने ठेवले नाही. आमच्या कचेरीतले एक सहकारी शिलाँगला निघाले होते. त्यांच्याबरोबर ते परत पाठवून दिले आणि बाहंच्या हवाली करायला सांगितले. चौथ्या हिवाळ्यात त्याला पहिली फुले आल्याचे पत्र आले. ते वाचून दाखवायला तेव्हा आई राहिली नव्हती.

म्हणून माझे श्रोत्यांना सांगणे असे. जिथे चहा पिकतो आणि हिवाळा गार असतो, तिथे कॅमेलिया अवश्य लावा. दार्जिलिंग, शिलाँग, कांगडा, नीलगिरी या बाजूंना जे राहतात त्यांच्या हाती हे सुख आहे. सपाटीवरच्या, चुनखडी जमिनीच्या आणि जड पाण्याच्या गावांत मात्र त्याला ओढून आणू नका. तुमच्या अडगळीच्या कोपऱ्यासाठी आपल्या देशात दुसरे एक सुंदर सदाहरित झुडूप आहे. मराठीत त्याला कुंती म्हणतात, उत्तरेत आणि बंगालात कामिनी. कढीपत्त्याच्या नात्यातले, लिंबाच्या कुळातले हे झाड अर्ध्या सावलीत उत्तम वाढते, उन्हाळ्याला आणि दिल्लीसारख्या पाण्याला फारसे भीत नाही, आणि पावसाची सर येऊन गेली की पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरते. त्याची लाल फळे बुलबुलांना आवडतात. पथ्य एकच. संत्र्या-मोसंब्यांच्या बागेजवळ ते लावू नये, कारण त्या फळझाडांना रोग पोहोचवणारी सायला कीड कुंतीवर पोसली जाते. आपल्या नागपूर-अमरावतीकडच्या बागाईतदारांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

कॅमेलिया गेला त्या रिकाम्या कुंडीत कुंतीचे रोप आईनेच लावले होते. त्यानंतर त्या कुंडीखाली बशी ठेवलेली नाही. आता ते रोप कुंडीतून जमिनीत, उत्तरेच्या भिंतीशी गेले आहे आणि खिडकीच्या वर पोहोचले आहे. त्याला मी फुलांनंतर थोडी छाटणी करतो, पाचोळा घालतो आणि बोट मातीत घालून पाहिल्याशिवाय पाणी देत नाही. एरवी त्याच्यासाठी मी विशेष काही करत नाही.